सायकली डोंगरात येण्याआधी

शेळीपालन, कर्जफेड, दुधाचा दर हे विषय आपल्या कार्यक्रमात नेहमीच होतात. आज जरा वेगळं बोलणार आहोत. आज विषय आहे डोंगरातल्या सायकलींचा. हसू नका. आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आम्हीपण हसलो होतो. नंतर त्याच विषयावर सलग तीन बैठका गेल्या, आणि दुसऱ्या बैठकीत तर भांडणसुद्धा झालं.

आमची गावं माण तालुक्यात, महादेवाच्या डोंगररांगेला लागून. पाऊस थोडा आणि माळ उदंड. पण डोंगरात वाटा मात्र चिक्कार आहेत. शेळ्यांची वाट वेगळी, सरपणाची वेगळी, देवाला जायची वेगळी, खिंडीतून पलीकडच्या वाडीला उतरणारी वेगळी. आपल्या सासवा-आजेसासवा डोक्यावर मोळी घेऊन ज्या वाटांनी उतरल्या, त्याच या. गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत याच वाटांवर शहरातली माणसं सायकली घेऊन यायला लागली. जाड टायर, पुढं धक्का खाणारा शॉक, ब्रेकला मोटारसायकलसारखी चकती. आमच्या एका आजींनी टायरला वीत लावून बघितली आणि किंमत विचारली. लाखाच्या वर, असं उत्तर आल्यावर त्या म्हणाल्या, "एवढ्यात दोन म्हशी येतात की, आणि त्या दूध तरी देतात."

या खेळाला माउंटन बाइकिंग म्हणतात. 1970 च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डोंगरांत तो रुजला. तिथली तरुण पोरं जुन्या जडशीळ सायकली घेऊन मातीच्या वाटांनी सुसाट उतरायची. 1996 पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमण हिनं रस्त्यावरच्या आणि डोंगरी सायकलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदकं मिळवली आहेत. म्हणजे ही नुसती श्रीमंतांची हौस आहे असं म्हणून सोडून देता येत नाही.

यंदा दिवाळीनंतर सायकलवाल्यांच्या एका गटाचा निरोप आला. वीस जण येणार, रविवारी दिवसभर वाटा फिरणार, दुपारी जेवण मिळेल का? जेवणाचं नाव निघताच आमच्या निम्म्या बायका हो म्हणाल्या. उरलेल्या निम्म्या गप्प बसल्या, आणि मग एकेक बोलायला लागली. तेच महत्त्वाचं होतं.

मागच्या हिवाळ्यात दुसरेच कुणी न सांगता येऊन गेले होते. आमच्या डोंगरावर समतल चर आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे उठून, टिकाव-फावडं घेऊन आम्ही ते खणले आहेत, हाताला फोड येईस्तोवर. चराच्या खालच्या अंगाला मातीचा बांध असतो, हे तुम्हाला सांगायला नको. सायकलवाल्याला तो बांध आयता उडी मारायचा उंचवटा दिसतो. त्यांनी उड्या मारल्या. बांधाला चार ठिकाणी खिंडारं पडली. पुढच्या पावसाळ्यात पहिल्याच मोठ्या पावसाचं पाणी त्या खिंडारांतून धावलं आणि खाली ओघळ पडला. मुरायचं पाणी वाहून गेलं आणि खालच्या शेतात मुरूम येऊन बसला. ज्यांच्या शेतात तो आला, त्या आमच्याच गटातल्या. त्या दुसऱ्या बैठकीत म्हणाल्या, "तुम्ही दीडशे रुपयांचं ताट विकणार, आणि मी मुरूम वेचत बसणार." यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

त्याशिवाय आणखी तक्रारी होत्या. कुरणाचं काटेरी फाटक उघडं टाकलं, शेळ्या आत शिरल्या. विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायकांचे फोटो काढले. बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या टाकल्या. एकानं सिगारेट ओढली, पौष महिन्यात, गुडघाभर वाळलेल्या गवतात.

तेव्हा ठरलं की हो किंवा नाही म्हणायच्या आधी आपण स्वतः सगळ्या वाटा चालून यायच्या. अकरा जणी निघालो. भाकरी बांधून घेतली, एक वही, एक पेन, आणि चर आखताना वापरलेली पाण्याची नळी. गंमत बघा, ज्या वाटांनी जन्मभर ये-जा केली, त्या वाटा बघायला म्हणून आम्ही पहिल्यांदाच निघालो होतो. पूर्वी नजर सरपणावर असायची, नाहीतर शेळीवर.

वहीत पहिली नोंद झाली जमिनीची. एकच वाट, पण ती तीन मालकांतून जाते. थोडी गायरानातून, ते ग्रामपंचायतीकडं. थोडी वनविभागाच्या हद्दीतून. आणि मधला तुकडा मालकीच्या शेताच्या बांधावरून. आपल्याला कुणी अडवत नाही म्हणून आपल्या हे ध्यानात राहत नाही. पण पाहुणे बोलवायचे तर तिघांनाही विचारावं लागतं. वनक्षेत्रासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्यायचा, गायरानासाठी ग्रामपंचायतीचा ठराव घ्यायचा, आणि शेतकऱ्याच्या घरी जाऊन बोलायचं. ठरावाबद्दल एक लक्षात ठेवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हे कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. आम्ही हा विषय मुद्दाम महिला सभेत मांडला. वाट कुठली खुली आणि कुठली बंद, हे तिथंच ठरलं, आणि ग्रामसभेत ते तसंच्या तसं गेलं. पुरुष मंडळींना वाटलं होतं की बायका जेवणाचा भाव तेवढा ठरवतील.

दुसरी नोंद वाटेच्या उताराची, आणि इथं आमचं चराचं शिक्षण कामाला आलं. जगभर सायकलींच्या वाटा आखणारे लोक जे नियम पाळतात, ते ऐकले तर तुम्ही म्हणाल, हे तर आपलंच. वाट डोंगरावरून सरळ खाली सोडायची नाही. ती आडवी, वळसे घेत न्यायची. साधारण दहा हात पुढं गेलं की एक हात उंची वाढावी, त्याहून जास्त नको. आणि डोंगराचा उतार जेवढा असेल, त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नसावा. असं का? तर पावसाचं पाणी वाट ओलांडून पलीकडं उतरावं. वाट उभी असली की पाणी तिच्यातूनच धावतं, माती नेतं, आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. सायकलीचं चाक एकाच रेषेत फिरतं, त्यामुळं हे आणखी लवकर होतं. आम्ही नळी लावून जागोजागी मोजलं. सरपणाची वाट नापास झाली, ती नाकासमोर उतरते. डोक्यावर मोळी असलेल्या बाईला कधी एकदा खाली पोचते असं झालेलं असतं, वळसे घ्यायला ती कशाला जाते? शेळ्यांची वाट मात्र जवळजवळ सगळीकडं पास. शेळीला कुणी शिकवलं कोण जाणे.

असं करत चार वाटा खुल्या ठरल्या, दोन बंद. चरांचा पट्टा पूर्ण बंद. जिथं वाट चराला आडवी जाते, तिथं दगड रचून ओलांडायची एकच जागा केली आणि तिथं सायकलवरून उतरून चालत जायचं ठरवलं. कुरणाच्या वाटेवर अजून एकमत झालेलं नाही, म्हणून तीही यंदा बंदच.

वाटा खुल्या केल्या तरी कुठली सोपी आणि कुठली अवघड, हे पाहुण्याला कळायला हवं. अनेक देशांत यासाठी ठरलेल्या खुणा आहेत. सोप्या वाटेला हिरवा गोल, मधल्या वाटेला निळा चौकोन, अवघड वाटेला काळी शंकरपाळी. ते लोक तिला हिरा म्हणतात, पण आमच्या बायकांनी कागदावर बघितल्याबरोबर शंकरपाळी म्हटलं आणि तेच नाव पडलं. दगडांवर ऑइलपेंटनं या खुणा काढल्या. खिंडीतून उतरणारी वाट शंकरपाळीची. तिथं सुटे दगड आहेत आणि एका बाजूला दरी. एका कड्याखाली आग्या मोहोळ बसतं, त्या बाजूला फाटाच दाखवलेला नाही.

आता हंगाम. हे तारखा बघून सांगता येत नाही, माती बघून सांगावं लागतं. परतीचा पाऊस आपल्याकडं सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, आणि ओल्या काळ्या मातीत चाक गेलं की चाकही अडकतं आणि वाटही फाटते. आमचा नियम सोपा आहे. सकाळी कुणीतरी वाटेवर जाऊन उभं राहायचं. चप्पल रुतली तर सायकल बंद. मग गट कितीही लांबून आलेला असो. म्हणजे दिवाळीनंतर ते माघापर्यंत बरे दिवस. त्यातही पौषापासून गवत वाळतं, तेव्हा काडी, सिगारेट, स्टोव्ह काहीही डोंगरात न्यायचं नाही. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा असते. कावडी जातात, पायी माणसं जातात, तेव्हा वाटा त्यांच्या. शिवाय त्या सुमाराला टिटव्या माळावर उघड्या जमिनीत अंडी घालतात. खड्यांच्या रंगाची अंडी, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, मग चाकावरून कशी दिसणार? टिटवीनं अंडी कुठं घातली यावरून पावसाचा अंदाज बांधणारी आपली माणसं. तेव्हा चैत्र लागला की माळ बंद.

गट येणार म्हटलं की फोनवर काय विचारायचं, तेही वहीत लिहून ठेवलं आहे. किती जण, त्यात बायका किती? नवशिके किती? गाड्या किती, कारण शाळेसमोर तीनच मावतात. मोटारसायकल चालणार नाही, तिला डोंगरात पूर्ण बंदी. हेल्मेट सगळ्यांकडं आहे ना? हवा भरायचा पंप, पंक्चरचं सामान आहे ना? हे मुद्दाम विचारतो, कारण आपल्या माळावर सराटे आणि बाभळीचे काटे मुबलक. आपण टाचेत मोडलेला काटा सुईनं काढतो आणि पुढं चालतो, टायरला तसं जमत नाही. पाणी किती आणणार? उन्हात चढ चढणाऱ्या माणसाला तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतंच, आणि डोंगरात आपल्याकडं पिण्याजोगं पाणी कुठंच नाही. ते खालूनच भरून न्यायला हवं.

बायका किती, हे विचारण्यामागं कारण आहे. गावातलं बरं स्वच्छतागृह म्हणजे शाळेतलं, आणि रविवारी शाळेला कुलूप. ती चावी शनिवारीच मुख्याध्यापकांकडून घेऊन ठेवायची. कपडे बदलायला अंगणवाडीची खोली. तुम्ही म्हणाल, एवढंसं काय सांगता. पण ज्या दिवशी त्या गटातल्या एका मुलीनं फोनवर चाचरत आधी हेच विचारलं, त्या दिवशी आम्हाला कळलं की शहरातल्या बाईचीही प्रवासातली पहिली काळजी आपल्यासारखीच असते.

वाटेवर पहिला मान कुणाचा, हेही ठरवलं. सायकलिंगच्या नियमातच आहे की सायकलवाल्यानं पायी चालणाऱ्याला वाट द्यायची, आणि उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला. आम्ही त्यात भर घातली. डोक्यावर ओझं असलेली बाई आणि कळप यांच्यासाठी सायकल थांबवून खाली उतरायचं. वळणावर घंटी वाजवायची. मेंढरांची कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, सायकल मध्ये धरून शांत उभं राहायचं आणि मेंढपाळाला हाक मारायची. फोटो विचारून. स्पीकरवर गाणी नाहीत.

आता जेवणाचा हिशेब, ज्यासाठी तुम्ही मघापासून थांबला असाल. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पिठलं, ठेचा, ताक, आणि आल्या आल्या गरम हुलग्याचं माडगं. हे ठरवायला पाच मिनिटं लागली. भावाला दीड तास. पहिल्यांदा सगळ्या म्हणाल्या, ताट दीडशे रुपये. वीस ताटांचे 3000 झाले. सामान, सरपण, गॅस धरून खर्च 1300. उरले 1700. सहा जणींत वाटले तर एकीला 283. खुरपणीला जाण्यापेक्षा बरे, असं कुणीतरी म्हणालं. मग वहीत वेळ मांडला. पहाटे चारला उठणं, आदल्या दिवशीचं निवडणं-टिपणं, पाणी भरणं, शेवटी भांडी. तो अर्धा दिवस नव्हता, दीड दिवस होता. बायकांच्या हिशेबात हे नेहमीच राहून जातं. ताट 200 ठरलं. वीस ताटांचे 4000, खर्च वजा जाता 2700, एकीला 450. गटाला कळवलं, त्यांनी एका शब्दानंही घासाघीस केली नाही. जेवण विकायचं तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, ती लहान व्यवसायाला सोपी आहे, ग्रामसंघाच्या नावानं करून घ्या.

याशिवाय माणशी 50 रुपये वाटेचे. ते वेगळ्या वहीत, वेगळ्या खात्यावर. त्यातून पावसाळ्यानंतर वाटांची डागडुजी आणि बांधांची दुरुस्ती होणार, आणि त्या कामाची मजुरी आपल्यालाच. पहिला खर्च ठरला आहे तो त्या मुरूम आलेल्या शेताचा. हे ठरल्यावर त्या बाईंनी ठरावावर सही केली, त्याआधी नाही.

कुणी पडलं तर? पडणारच, तो खेळच तसा आहे. डोंगरात फोन कुठं लागतो आणि कुठं नाही, हे आम्ही चालताना टिपलं. खिंडीत लागत नाही, वरच्या म्हसोबाजवळ लागतो. 108 ला फोन करायचा, ती रुग्णवाहिका फुकट असते. पण ती डांबरीपर्यंतच येणार. म्हणून प्रत्येक वाटेवरून डांबरी गाठायची जवळची जागा कुठली आणि तिला काय म्हणायचं, हे ठरवून ठेवलं, नाहीतर फोनवर "त्या मोठ्या चिंचेपाशी" सांगून काय कळणार? हात किंवा खांदा मोडला असेल तर ओढणीची झोळी करून हात छातीशी बांधायचा. डोक्याला लागलं असेल, मान किंवा पाठ दुखत असेल, तर उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हेल्मेट ओढून काढायचं नाही. तसंच पडू द्यायचं आणि सावली धरायची. आपल्याकडं माया जास्त, चार जणी धावून उचलायला जातात. म्हणून हे दोनदा सांगितलं पाहिजे.

शेवटची अट आमच्या मुलींनी घातली. सायकली बघून त्यांचे डोळे चमकले होते, आणि दोघींनी शाळेची सायकल खिंडीच्या वाटेनं न्यायचा बेतही केला होता. तो वेळेवर कळला. शाळेच्या सायकलीचे ब्रेक तसल्या उतारासाठी नसतात. पण नुसतं नको म्हणून भागत नाही. म्हणून गटाला सांगितलं, जेवणानंतर दोन तास गावात थांबायचं, तुमच्या दोन सायकली आणि हेल्मेट मुलींना द्यायची, आणि गायरानातल्या हिरव्या गोलाच्या वाटेवर त्यांना शिकवायचं. ब्रेक कसा दाबायचा, उतारावर वजन मागं कसं घ्यायचं, पंक्चर कसं काढायचं. नऊ मुलींची नावं आली आहेत. दोघींचे वडील अजून तयार नाहीत, त्यांच्याकडं या आठवड्यात आमच्यातल्या तिघी जाणार आहेत.

गट येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतोय, चप्पल रुतली नाही तर. तुमच्या गावच्या डोंगरातही अशी माणसं येत असतील, तर आधी वाटा चालून या. पाण्याची नळी नसेल तर आमच्याकडं आहे. बाजाराच्या दिवशी निरोप द्या, पाठवून देऊ. परत करताना मात्र नळी धुऊन, गुंडाळून द्या. मागच्या वेळी तिच्यात बेडूक निघाला होता.